द्राक्षाचं जीए, मुलीचा रिपोर्ट आणि पेशींना मिळणारी वाढीची आज्ञा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार लिहितात: "माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला बी-सेल अॅक्यूट ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालाय. रिपोर्टमध्ये 'सीआरएलएफ-२ रीअरेंजमेंट, पीएच-लाइक' असं आलंय. डॉक्टर म्हणाले, या पेशींना वाढीचा सिग्नल सतत चालू आहे. आम्ही बागेत जीए वापरतो आणि ती लहानपणापासून बागेत असायची, त्यानं झालं का? उंची वाढायची पावडर दिली होती, त्यानं झालं का? आता पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन द्यायचंय, सिस्टर म्हणाल्या तोही ग्रोथ फॅक्टरच असतो. मग आजार वाढणार नाही का? माझ्या चुलत्यांनाही बी-सेलचाच ल्युकेमिया आहे, पण त्यांना नुसती गोळी दिलीय आणि गोळी सुरू केल्यावर त्यांचा काउंट दुप्पट झालाय."

आधी जीएबद्दल सांगतो, कारण तुमच्या मनाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय असं वाटलं. जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, हे वनस्पतींचं संप्रेरक आहे. मण्याच्या पेशीत त्याला धरणारं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. जीए त्यात बसलं की वाढ रोखून धरणारी आतली प्रथिनं मोडीत निघतात आणि मणी लांबतो, फुगतो. माणसाच्या पेशीत हा रिसेप्टरच नाही. त्यामुळे जीए अंगावर उडालं म्हणून माणसाच्या पेशीला 'वाढ' असा निरोप मिळत नाही. ही टोचणी तुम्ही आजच मनातून काढून टाका.

कीटकनाशकांबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. गरोदरपणात आणि लहानपणी कीटकनाशकांशी आलेला संपर्क आणि मुलांचा ल्युकेमिया यांत काहीसा संबंध बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. पण बागांमध्ये वाढलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही, आणि ज्यांच्या घरी कधी फवारणी झालेली नाही अशी मुलंही आमच्या वॉर्डात असतात. एका विशिष्ट मुलीला तो कशानं झाला हे कुणीच सांगू शकत नाही. आता केमो चालू असताना फवारणी, शेणखत, उकिरडा, कंपोस्ट यांपासून तिला लांब ठेवा. ते बुरशीच्या आणि इतर संसर्गाच्या भीतीनं सांगतोय, ल्युकेमियाच्या कारणासाठी नाही.

जीएचा विषय तुम्ही काढलात ते मात्र बरं झालं, कारण मुलीच्या मज्जेत काय चाललंय ते तुम्हाला बागेवरूनच नीट सांगता येईल. बियांच्या द्राक्षात मण्याला हे संप्रेरक त्याच्या बियांकडून मिळतं. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांत पुरतं बी धरत नाही, म्हणून तुम्ही घड जीएच्या द्रावणात बुडवता. बाहेरून दिलं तर मणी वाढतो, नाही दिलं तर बारीक राहतो. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत कोवळ्या बी पेशींचंही तसंच आहे. (बी पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी; या 'बी'चा द्राक्षाच्या बियांशी संबंध नाही.) त्या स्वतःच्या मर्जीनं वाढत नाहीत. मज्जेत त्यांना आधार देणाऱ्या पेशी असतात, त्या आयएल-७ सारखी प्रथिनं सोडतात. आयएल-७ चा शोध १९८८ साली लागला, तो मज्जेतल्या अशाच आधारपेशींच्या द्रवातून. यांनाच ग्रोथ फॅक्टर म्हणतात. रक्तातून सगळीकडे फिरून काम करण्यापेक्षा हे बहुतेक शेजारच्या शेजारी बोलतात. कोवळी पेशी आधारपेशीला चिकटून असते तोवर तिला निरोप मिळतो, लांब गेली की बंद.

निरोप आत कसा जातो ते कळलं तर तुमचा रिपोर्टही कळेल. आयएल-७ चा रिसेप्टर दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकडे पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असतात, डोकं बाहेर आणि शेपूट आत. प्रत्येक शेपटीला जॅक नावाचं एक प्रथिन बांधलेलं असतं. आयएल-७ येऊन दोन्ही डोक्यांना एकत्र धरतं, त्यामुळे आतल्या शेपट्या जवळ येतात, आणि शेजारी आलेले दोन जॅक एकमेकांना फॉस्फेटचा रेणू लावून जागे करतात. मग स्टॅट-५ नावाचं प्रथिन तिथे येतं, त्यालाही फॉस्फेट लागतं, त्याच्या जोड्या होतात आणि त्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. काही जनुकं पेशीला मरू देत नाहीत, काही तिला विभाजनाच्या उंबरठ्यावरून आत ढकलतात. सायक्लिन-डी गटातली प्रथिनं वाढतात, विभाजन अडवणारं आरबी प्रथिन बाजूला होतं आणि डीएनएची नक्कल सुरू होते. शेजारून पीआय३के आणि रास यांच्या वाटाही चालू होतात, पण तुमच्या मुलीच्या बाबतीत मुख्य वाट जॅक आणि स्टॅटची.

आता याच्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट. निरोगी कोवळ्या बी पेशीला थांबावंही लागतं. प्रत्येक बी पेशीला स्वतःची वेगळी अँटिबॉडी बनवायची असते, आणि त्यासाठी ती स्वतःचा डीएनए ठरावीक जागी कापून पुन्हा जोडते. कापाकापी आणि नक्कल एकाच वेळी चालली तर गुणसूत्रांची मोडतोड होणार. म्हणून निसर्गानं पाळी लावली आहे: आयएल-७ चा निरोप आहे तोवर वाढा, मग निरोप कमी झाला, पहिला अर्धा-कच्चा अँटिबॉडी रिसेप्टर तयार झाला, की वाढ थांबवा आणि कापणी-जोडणी करा. ल्युकेमिया म्हणजे फार वेगानं वाढणारी पेशी, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्यात चुकीचा भर आहे. निरोगी कोवळ्या पेशीही भराभर वाढतात. ल्युकेमियाच्या पेशीला थांबायची पाळी येत नाही आणि ती पिकतही नाही. एका पेशीची चाळीस वेळा दुप्पट झाली की संख्या सुमारे एक लाख कोटींवर जाते, आणि निदान होतं तेव्हा शरीरातला आकडा साधारण त्या घरात असतो. एवढी मजल गाठायला अचाट वेग लागत नाही, न थांबणं पुरतं.

आता रिपोर्ट. सीआरएलएफ-२ हाही रिसेप्टरचाच तुकडा आहे. तो आयएल-७ रिसेप्टरच्या एका तुकड्याशी जोडी करून टीएसएलपी नावाच्या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा निरोप घेतो. निरोगी बी पेशीवर तो अगदी थोडा असतो. त्याचं जनुक एक्स आणि वाय गुणसूत्रांच्या टोकाशी आहे. काही मुलांत तिथला छोटा तुकडा गळून पडतो आणि शेजारच्या पी२आरवाय८ या जनुकाचं बटण सीआरएलएफ-२ ला येऊन लागतं. काहींत, विशेषतः मोठ्या मुलांत आणि तरुणांत, हे जनुक उचलून चौदाव्या गुणसूत्रावरच्या अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. बी पेशीत अँटिबॉडीच्या जनुकाचं बटण कायम चालू असतं, कारण तोच तिचा धंदा. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच, पेशीच्या अंगावर सीआरएलएफ-२ चा ढीग साचतो. तो फ्लो सायटोमेट्री या पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या तपासणीत दिसतो, बहुतेक तिथेच पहिला संशय आला असेल.

पण नुसत्या रिसेप्टरच्या गर्दीनं सगळं होत नाही. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत जॅक जनुकातही म्युटेशन, म्हणजे बिघाड असतो, बहुतेक जॅक-२ मध्ये. काही थोड्यांत रिसेप्टरच्या तुकड्यात सिस्टीन हे अमिनो आम्ल नको त्या जागी आलेलं असतं. सिस्टीनमध्ये गंधक असतं. दोन शेजारच्या तुकड्यांवरची गंधकं एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि ग्रोथ फॅक्टर न येताच दोन शेपट्या कायमच्या जवळ राहतात. हा बिघाड मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो होतो, आजही शिकवताना मी तिथे थांबतो. बाहेरून कुणीच हाक मारलेली नाही, आणि पेशी आत ओ देत बसली आहे.

हे खरं कशावरून? प्रयोगशाळेत उंदराच्या बी पेशींची एक जात वापरतात, बा-एफ-३. तिला आयएल-३ हा ग्रोथ फॅक्टर दिला तर ती जगते, काढून घेतला तर एक-दोन दिवसांत मरते. तिच्यात सीआरएलएफ-२ आणि बिघडलेलं जॅक-२ दोन्ही घातली की ती आयएल-३ शिवाय वाढायला लागते. तुमच्या भाषेत सांगायचं तर थॉमसनच्या घडाला एक थेंब जीए लागलेलं नाही आणि मणी फुगतच चाललाय. अशा बागेत जीएचा डबा कुलपात ठेवून उपयोग नाही. म्हणूनच मुलीच्या शरीरातला ग्रोथ फॅक्टर कमी करून हा आजार आटोक्यात येईल अशी आशा मी धरत नाही, आणि कुणी तसं औषध, काढा किंवा पथ्य विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

याच पठडीतला जुना बिघाड म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र. ते १९६० मध्ये दिसलं, आणि नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांची ती अदलाबदल आहे हे जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन बनतं. ते रिसेप्टरला बाजूला सारून थेट आतून स्टॅट-५ जागं करतं. तुमच्या रिपोर्टमधलं 'पीएच-लाइक' म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र नाही, पण जनुकांची चाल तशीच आहे. २००९ मध्ये हा गट वेगळा ओळखला गेला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत सीआरएलएफ-२ चाच बिघाड सापडतो. फिलाडेल्फिया असलेल्या मुलांना केमोबरोबर बीसीआर-एबीएल रोखणारं इमॅटिनिब दिल्यावर तीन वर्षं आजार न उलटता राहण्याचं प्रमाण जुन्या ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. तुमच्या मुलीसाठी जॅक-२ रोखणारं रुक्सोलिटिनिब तसंच काम करेल अशी आम्हा सगळ्यांना आशा होती. अजून ते नेहमीच्या उपचारात रुजलेलं नाही. त्याचं एक कारण असं, की ही गोळी जॅक-२ ला जागेपणीच्या आकारात पकडते, त्यामुळे औषध असूनही त्यावर फॉस्फेट साचत राहतं आणि शेजारच्या जोडीदाराच्या मदतीनं निरोप पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी ती गोळी लिहिली नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका.

सध्या याहून चांगली वाट वेगळी आहे. आतलं बटण शोधत न बसता पेशीच उचलायची. सीडी-१९ हे प्रथिन जवळजवळ सगळ्या बी पेशींवर असतं, तिच्या ल्युकेमिया पेशींवरही असणार. ब्लिनाट्युमोमॅब हे औषध एका हातानं सीडी-१९ आणि दुसऱ्या हातानं रुग्णाची स्वतःची टी पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणारी पांढरी पेशी धरतं. 'स्टँडर्ड रिस्क' गटातल्या, पण आजार उलटण्याचा धोका सरासरी किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांत केमोला याची जोड दिल्यावर तीन वर्षं आजारमुक्त राहण्याचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं, असे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. तुमची मुलगी दहा वर्षांपुढची आहे, म्हणजे वयानंच त्या गटात बसत नाही, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. पण औषधाची पद्धत तिलाही लागू आहे. दुसरं, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या सीएआर टी-पेशी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून ल्युकेमियावर सोडण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या आजारासाठी आहे. आज तुम्हाला त्याची गरज पडलेली नाही, पण तो आपल्याकडे आहे हे माहीत असू द्या. पीएच-लाइक आजार उलटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, हे तुमच्यापासून लपवत नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या शेवटी होणारी एमआरडी तपासणी (मज्जेत उरलेल्या अगदी थोड्या ल्युकेमिया पेशी शोधणारी) तुमच्यासाठी फार मोलाची आहे. पुढची दिशा बरीचशी तिच्यावर ठरेल.

पावडरीबद्दल. आज्ञा वेगळी आणि शिधा वेगळा. पेशीला वाढायला प्रथिनं, साखर, जीवनसत्त्वं लागतात, पण शिधा भरपूर आहे म्हणून पेशी वाढायचा हुकूम स्वतः काढत नाही. उंचीच्या पावडरीत शिधाच असतो. त्यानं ल्युकेमिया होत नाही, आणि मुलीला उपाशी ठेवून तो बराही होत नाही. उकळलेलं दूध, पूर्ण शिजलेली अंडी, वरण-भात पोटभर द्या.

एका शिध्याला मात्र अपवाद आहे, आणि त्याचा धागा मुंबईला येऊन भिडतो. १९२८ नंतर लूसी विल्स या डॉक्टर मुंबईत गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला, नंतर कळलं ते फॉलिक अॅसिड होतं. डीएनए बनवायला ते लागतंच. १९४७ च्या सुमाराला बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना वाटलं, की फॉलिक अॅसिडच्या जातीची औषधं दिल्यावर ल्युकेमियाची मुलं जास्तच बिघडतात. मग त्यांनी उलटा विचार केला. लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं बनवलेलं फॉलिक अॅसिडविरोधी अमिनोप्टेरिन त्यांनी दिलं आणि १९४८ मध्ये मुलांच्या ल्युकेमियात पहिल्यांदा काही काळापुरता का होईना उतार दिसला. तुमच्या मुलीला मिळणारं किंवा मिळणार असलेलं मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. म्हणून फॉलिक अॅसिड असलेलं रक्तवाढीचं टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर डॉक्टर स्वतः ल्युकोव्होरिन हे फॉलिक अॅसिडच्या जातीचं उतारा-औषध देतात, ते वेळ मोजून दिलेलं असतं. आणि प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलही नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि मुलीच्या यकृतावर औषधांचा भार आधीच आहे.

चुलत्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे तिथे ग्रोथ फॅक्टरचा प्रश्न तुम्ही विचारलात तसाच लागू पडतो. त्यांना बहुधा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया असावा. नाव सारखं वाटतं, पण ती पिकलेल्या बी पेशीची व्याधी आहे, आणि दोन्ही आजार एका घरात निघाले यावरून काही वाहत आलं असं धरू नका. त्या पेशी रक्तात निवांत असतात, म्हणून पूर्वी समज होता की त्या वाढत नाहीत, नुसत्या साचतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ रुग्णांनी ८४ दिवस थोडं थोडं जड पाणी प्यायलं. जड पाण्यातला हायड्रोजन नव्यानं बनणाऱ्या डीएनएत शिरतो, त्यामुळे नव्या पेशी मोजता येतात. रोज एकूण पेशींच्या ०.१ ते १ टक्क्याहून अधिक नव्या पेशी जन्मतात असं निघालं. हा जन्म होतो लसीका गाठींत. तिथे टी पेशी, आधारपेशी आणि नर्ससारख्या जपणाऱ्या पेशी बाफ, एप्रिल, सीएक्ससीएल-१२, सीडी-४० लिगँड अशा नावांच्या प्रथिनांतून निरोप देत असतात, आणि पेशीचा स्वतःचा अँटिबॉडी रिसेप्टरही डिवचला जातो. याच पेशी काचेच्या भांड्यात एकट्या ठेवल्या तर काही दिवसांत मरतात. तुमच्या थॉमसनसारख्या, बाहेरून मिळालं तरच तग धरणाऱ्या.

चुलत्यांची गोळी इब्रुटिनिब किंवा अॅकॅलाब्रुटिनिब असावी. ती बीटीके हे आतलं प्रथिन बंद करते. अँटिबॉडीच न बनणाऱ्या मुलाचं वर्णन ऑग्डन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये केलं होतं, आणि १९९३ मध्ये कळलं की अशा मुलांत नेमकं हेच प्रथिन बिघडलेलं असतं. म्हणजे बी पेशीचं बीटीकेवाचून चालत नाही हे निसर्गानंच दाखवून ठेवलं होतं. गोळी सुरू झाली की निरोप तुटतो आणि पेशींची गाठीतली पकडही सुटते. गाठी लहान होतात, पेशी रक्तात येऊन पडतात, काउंट वर जातो. रक्तात त्यांना तो निरोप मिळत नाही, त्या हळूहळू मरतात. काउंट खाली यायला कधीकधी बरेच महिने लागतात. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. काउंट पाहून घाबरले आणि न विचारता गोळी बंद करून बसले. परत आले तेव्हा मानेतल्या गाठी पुन्हा मोठ्या झाल्या होत्या. चुलत्यांना सांगा: काउंट वाढला तरी आधी मानेतल्या, काखेतल्या गाठी चाचपून बघा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी स्वतःहून थांबवू नका. रक्तस्राव झाला किंवा छातीत धडधड वाटली तर मात्र त्याच दिवशी दाखवा, या गोळ्यांनी ते होऊ शकतं.

शेवटी इंजेक्शन. फिलग्रास्टिम हा ग्रोथ फॅक्टरच आहे, सिस्टरांनी खरं सांगितलं. पण त्याचा निरोप वेगळ्या पेशीसाठी आहे. त्याचा रिसेप्टर न्यूट्रोफिल जातीच्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असतो. बी-सेल लिम्फोब्लास्टवर, म्हणजे मुलीच्या ल्युकेमियाच्या पेशींवर तो सहसा नसतो, आणि निरोप घ्यायला कुणी नसेल तर तो पेशीच्या दृष्टीनं आलाच नाही, जसं जीए तुमच्या अंगावर उडालं तरी तुमची उंची वाढत नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या केमोबरोबर हे इंजेक्शन अनेक वर्षं वापरात आहे. न्यूट्रोफिल फार कमी असताना येणारा ताप या मुलांचा जीव घेऊ शकतो, ती भीती खरी आणि समोरची आहे. डॉक्टर म्हणत असतील तर द्या. दोन-तीन दिवस कंबर, मांड्या दुखतील, कारण तिथल्या हाडांत मज्जा काम करू लागलेली असते. त्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा, आणि गोळी देण्याआधी ताप जरूर मोजा, नाहीतर ताप झाकला जाईल.

या इंजेक्शननंतर मज्जेत कोवळ्या पेशी काही दिवस जास्त दिसतात आणि तपासणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. म्हणून शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं ते फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा आणि एमआरडीसाठी मज्जा काढायच्या दिवशी तुम्ही स्वतः ते डॉक्टरांना सांगा.